डिस्क नाही, असे कळविण्यात येते

2019 साली आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 8 ने कित्येक जुन्या डिस्क-कंट्रोलरांचा पाठिंबा, म्हणजे त्यांचे ड्रायव्हर, काढून घेतला, हे स्तुत्यच. डिस्का सर्व्हरमध्ये घरघरतात, कंट्रोलरच्या मेनूत दिसतात. इन्स्टॉलर मात्र शांतपणे सांगतो, डिस्क नाही. (हार्डवेअरची यादी देणाऱ्या एलएसपीसीआय कमांडचे पुरावे पुढे करू नयेत. पुराव्यालाही ड्रायव्हर लागतो.)

हे तत्त्व पुणे महापालिकेने विनाविलंब अंगीकारावे. 2021 साली हद्दीत आलेल्या 23 गावांतून टँकर, कचरा, खड्डे अशा तक्रारी येतात. नागरिकांनी गैरसमज करून घेऊ नये. गैरसोय अस्तित्वात नाही. तिचा ड्रायव्हर वगळण्यात आला आहे. मिळकतकराचा मात्र थेट कर्नलमध्ये आहे. पहिल्याच बूटला घर सापडते, वरच्या वाढीव खोलीसकट.