‘मंगात असं नव्हतं!’ : एक अनावृत पत्र

रसिकवर्य मंगावाचक यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, तुमच्या शेजारी बसून जपानी ॲनिमे पाहण्याचा योग मला वरचेवर येतो आणि दर वेळी स्वतःच्या अडाणीपणाची नव्यानं जाणीव होते. मी साधा प्रेक्षक. नायक पडला की हळहळतो, खलनायक हसला की दात-ओठ खातो, एपिसोड संपला की पुढच्या आठवड्याची वाट पाहतो. तुम्ही मात्र मूळ मंगा, म्हणजे ज्यावरून ॲनिमे बनतो ती जपानी चित्रकथा, कोळून प्यायलेले. उत्तरपत्रिका तपासायला बसलेल्या परीक्षकाकडे जशी आदर्श उत्तरं तयार असतात, तशी तुमच्याकडे पानंच्या पानं पाठ असतात. पात्रानं तोंड उघडायच्या आत ते काय बोलणार, हे तुम्हाला ठाऊक. ते तसंच बोललं तर तुम्ही गप्प. नाही बोललं, की लगेच तुमच्या मुखातून ते तीन शब्द बाहेर पडतात: ‘मंगात असं नव्हतं!’

गोष्ट कुठे रंगतेय, कुठे ढेपाळतेय, असल्या किरकोळ बाबींत तुम्ही अडकत नाही. तुमच्या या निष्ठेचं जाहीर कौतुक करावं आणि जमल्यास तिला थोडी वाट दाखवावी, एवढ्याचसाठी हा पत्रप्रपंच.

तुमच्या घराण्याचा इतिहास मोठा आहे. ‘ड्रॅगन बॉल झी’मध्ये खलनायक फ्रीझा जाहीर करतो की नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार. ती पाच मिनिटं पुढे जवळजवळ दहा एपिसोड पुरली. कारण साधं होतं. अकिरा तोरियामांची मंगा ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात दर आठवड्याला पंधरा-वीस पानांनी पुढे सरकायची आणि तोएई स्टुडिओला दर आठवड्याला वीसेक मिनिटं भरायची असायची. पळावं तर मंगा मागे पडणार, थांबावं तर प्रसारणाची वेळ रिकामी जाणार. मग दोघे योद्धे एकमेकांकडे डोळे वटारून पाहायचे, ढग जमायचे, दगड उडायचे आणि पुन्हा डोळे वटारले जायचे. ‘नारुतो’च्या पहिल्या मालिकेचे २२० एपिसोड, त्यातल्या शेवटच्या ऐंशीच्या आसपास एपिसोडांना मंगाचा जवळजवळ आधारच नाही. तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. असे भरतीचे ‘फिलर’ एपिसोड नकोत, मंगाशी इमान राखा, म्हणालात.

मागणी रास्त होती आणि ती ऐकली गेली. मंगाचा पुरेसा साठा झाला की १२ किंवा २४ एपिसोडांचा सीझन करायचा आणि थांबायचं, अशी रीत पडत गेली. फिलर गेले. लगेच तुमचा पुढचा अर्ज आला: ‘किती ही घाई! अमुक पॅनेल गाळलं, तमुक संवाद कापला! आणि पुढच्या सीझनसाठी दोन वर्षं थांबायचं?’ धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी स्टुडिओची गत.

२००३ मध्ये बोन्स स्टुडिओनं ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ सुरू केली, तेव्हा हिरोमु अराकावांची मंगा अर्ध्यावरही आली नव्हती. मालिकेनं आपली वेगळी वाट धरली आणि ५१ एपिसोडांत आपला वेगळा शेवट केला. तुम्ही नाक मुरडलंत. २००९ मध्ये त्याच स्टुडिओनं ‘ब्रदरहूड’ काढून ६४ एपिसोडांत मंगाबरहुकूम गोष्ट सांगितली. तेव्हा तुमच्यातल्याच काहींना आठवलं की सुरुवातीचे प्रसंग पहिल्या मालिकेत किती निवांत, किती काळजाला भिडणारे होते. इथे ते उरकून टाकलेत. निरीक्षण बिनचूक आहे. दोन्ही मालिका आपापल्या जागी चांगल्या असू शकतात, हा विषय मात्र तुमच्या बैठकीत कधी निघत नाही.

निष्ठेची खरी कसोटी लागली ती ‘अटॅक ऑन टायटन’मध्ये. वर्षानुवर्षं तुम्ही बजावत होता की हाजिमे इसायामांचा शब्द प्रमाण, कानामात्राही हलवू नका. एप्रिल २०२१ मध्ये मंगा संपली आणि तिचा शेवट तुमच्यातल्या अनेकांना पटला नाही. झालं, ‘निदान ॲनिमेत तरी बदला’ अशी हाकाटी सुरू झाली. काहींनी तर आपला पर्यायी शेवट स्वतःच रेखाटून काढला. डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालेला ‘फायनल सीझन’ अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये एकदाचा फायनल झाला आणि त्यात एरेन आणि आर्मिन या पात्रांचा शेवटचा संवाद खरोखरच बदललेला निघाला. तेव्हाही आवाज आलाच की मंगात असं नव्हतं. ही तक्रार समजायची की पावती, हे कळायला मार्ग नाही.

तुमचं दुसरं लाडकं शस्त्र म्हणजे पॉजचं बटण. ‘नारुतो शिप्पुडेन’चा १६७वा एपिसोड आठवा. गाव उद्ध्वस्त झालंय, नारुतोच्या आतल्या नऊ शेपट्यांच्या कोल्ह्यानं उचल खाल्लीय आणि तो पेन या खलनायकाच्या मागे लागलाय. त्या पाठलागात ॲनिमेटरांनी चेहरे ताणले, हातपाय लांबवले, अंगाचा नेहमीचा घाट पार मोडून टाकला. चालू चित्रात पाहिलं तर त्यात वजन आहे, वेग आहे, अंगावर येणारं बेभानपण आहे. तुम्ही ते एका फ्रेमवर थांबवलंत. तिथे पेनचे डोळे एकीकडे, तोंड दुसरीकडे, जबडा भलतीकडेच. त्या स्क्रीनशॉटनं जगभर फेऱ्या मारल्या आणि भिकार ॲनिमेशनचा पुरावा म्हणून तो अजूनही काढला जातो. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात; त्यातली एक तुमच्या मनास आली नाही तर उरलेल्या २३ फ्रेमनीही तोंड लपवावं, असा तुमचा न्याय.

२०२२ मध्ये ‘चेनसॉ मॅन’ आली. दिग्दर्शक ऱ्यू नाकायामा यांनी ती सिनेमाच्या अंगानं केली. पात्रांना किंचाळायला न लावता साधं बोलायला लावलं, १२ एपिसोडांना १२ वेगवेगळी समारोपगीतं दिली. तात्सुकी फुजिमोतोंच्या मंगातला वेडेपणा यात कुठे आहे, असं जपानमधल्या वाचकांनी विचारलं. विचारण्याजोगाच प्रश्न होता. पण तेवढ्यानं भागलं नाही. दिग्दर्शक बदलून अख्खी मालिका नव्यानं करा, यासाठी सह्या गोळा झाल्या. २०२५ मधला, त्याच मंगातल्या रेझे या पात्रावरचा चित्रपट तात्सुया योशिहारांनी दिग्दर्शित केला, तो मंगाच्या धसमुसळेपणाला अधिक जवळचा निघाला आणि तुम्ही तो डोक्यावर घेतलात. आनंद आहे. माझ्या मनात मात्र चौथ्या एपिसोडमधली एक सकाळ राहिली आहे. आकी नावाचं पात्र उठतं, कॉफी करतं, बाल्कनीत बसून पितं. बस, एवढंच. मंगात हे इतकं सविस्तर नाही, मान्य. पण या माणसाच्या पानात पुढे काय वाढून ठेवलंय, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक होतं. त्या कॉफीनं खरं तर तुमच्याच घशात आवंढा यायला हवा होता. तुम्ही पानं जुळवत बसलात.

स्टुडिओच्या नावाचा जप हीदेखील तुमचीच देणगी. ‘वन पंच मॅन’चा २०१५ चा पहिला सीझन मॅडहाउसचा म्हणून देखणा, २०१९ चा दुसरा जे. सी. स्टाफचा म्हणून फिका. हिशेब सोपा आहे, फक्त चुकीचा आहे. पहिल्या सीझनसाठी दिग्दर्शक शिंगो नात्सुमे यांनी एकाहून एक कसलेले फ्रीलान्स ॲनिमेटर गोळा केले होते. ती माणसं मॅडहाउसनं तिजोरीत ठेवलेली नव्हती. काम संपलं आणि ती दुसरीकडे गेली. जपानचा ॲनिमे उद्योग बराचसा अशा फिरत्या चित्रकारांवर चालतो. पाटी तीच राहते, हात बदलतात.

तुम्ही नेहमीच चुकता असं नाही. ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’चे १८१ चॅप्टर. २०१९ च्या पहिल्या सीझननं त्यातले ३७ चॅप्टर १२ एपिसोडांत मांडले आणि श्वास रोखून धरायला लावला. २०२१ च्या दुसऱ्या सीझननं उरलेले १४४ चॅप्टर ११ एपिसोडांत गुंडाळले. गोल्डी पाँडचं अख्खं पर्व गायब. शेवटी तर स्थिरचित्रं एकामागून एक सरकवून सगळ्या प्रवासाची बोळवण केली. मंगाचे लेखक काइउ शिराई यांचं नाव अखेरच्या दोन एपिसोडांत पटकथा-रचनेच्या श्रेयातून दिसेनासं झालं. इथे तुमचा संताप शंभर टक्के खरा होता.

पण तो जाऊन आदळला कुणावर? बहुतेक मालिकांसाठी प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी, खेळणीवाले, जाहिरात संस्था अशी मंडळी मिळून ‘निर्मिती समिती’ उभी करतात. पैसा तिचा, म्हणून शब्दही तिचा. किती एपिसोड, कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी, हे तिथे ठरतं. स्टुडिओला सहसा ठरलेली रक्कम मिळते. समितीत वाटा नसेल तर मालिका कितीही गाजली तरी नफ्यात हिस्सा नाही. त्या स्टुडिओत अगदी खालच्या पायरीवर बसून दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढणाऱ्या पोराला एका चित्रामागे साधारण २०० येन मिळतात, म्हणजे आपले शंभर-सव्वाशे रुपये. २०२३ मध्ये ‘जुजुत्सु कायसेन’चं शिबुया पर्व चालू असताना ॲनिमेटरांनीच वेळापत्रकाबद्दलची नाराजी उघड बोलून दाखवली होती. समितीतल्या एकाही माणसाचं नाव तुम्हाला सांगता येणार नाही. दिग्दर्शकाचं आणि ॲनिमेटरचं येतं, कारण ते पडद्यावर झळकतं. म्हणून चोर सोडून संन्याशाला फाशी.

तुमचा आवाज मालिका करणाऱ्यांपर्यंत पोचत नाही, असं मात्र समजू नका. १९९६ मध्ये ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ या मालिकेचा शेवट पाहून प्रेक्षक खवळले. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी १९९७ च्या चित्रपटात नवा शेवट दिला आणि त्यातच प्रेक्षकांच्या संदेशांची झलक पडद्यावर चमकवली. चित्रपटगृहात बसलेले प्रेक्षकच प्रेक्षकांना दाखवले. अनावृत पत्राला इतकं अनावृत उत्तर क्वचितच मिळालं असेल.

इथे थोडा वेळ थट्टा बाजूला ठेवतो. ‘सेक्सी तानाका-सान’ ही हिनाको आशिहारा यांची मंगा. २०२३ च्या अखेरीस निप्पॉन टीव्हीवर माणसांनी अभिनय केलेली तिची मालिका झाली. रूपांतर मंगाशी प्रामाणिक असावं, ही आशिहारांची अट होती आणि शेवटच्या दोन भागांची पटकथा त्यांनी स्वतः लिहिली. जानेवारी २०२४ मध्ये त्यामागची हकिगत त्यांनी जाहीरपणे मांडली. गोष्ट त्यांची, तक्रारही त्यांची, आणि ती करण्याचा पहिला हक्कही त्यांचाच. पण जमलेल्या गर्दीनं त्या तक्रारीची काठी केली आणि मालिकेच्या पटकथालेखिकेला झोडपायला घेतलं. आशिहारांनी आपलं निवेदन काढून टाकलं. कुणावर हल्ला करायचा हेतू नव्हता, असं कळवलं. त्यानंतर लगेचच त्या मृतावस्थेत सापडल्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं, यावर बोलायचा अधिकार तुम्हाला नाही, मलाही नाही. पण मूळ लेखिकेची बाजू घ्यायला म्हणून धावलेल्या गर्दीनं तिच्यासाठी नेमकं काय केलं, हे विचारायलाच हवं.

योग्य दारावर थाप मारली तर काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याकडचंच आहे. माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतातल्या चित्रपटगृहांत लागावा म्हणून इथल्या चाहत्यांनी २०१९ मध्ये सह्यांची मोहीम काढली. हजारो सह्या जमल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चित्रपट इथे प्रदर्शित झाला. कुणाच्या आईवडिलांचा उद्धार करावा लागला नाही. मागणी स्पष्ट होती आणि ज्यांच्या हाती निर्णय, त्यांच्याकडेच ती गेली.

तेव्हा विनंत्या चारच.

पहिली, पॉजचं बटण चहा टाकायला उठताना वापरावं.

दुसरी, एपिसोड संपला की श्रेयनामावली पळवू नये. एखादं दृश्य आवडलं तर ते कुणी काढलं, याचा शोध घ्यावा. चुका शोधायला जेवढा वेळ देता, त्याच्या निम्मा पुरेल.

तिसरी, सीझन फसला तर ‘कुणी बिघडवलं’ याआधी ‘एपिसोड किती दिले होते आणि वेळ किती दिला होता’ हे विचारावं, आणि ते प्रकाशकाला, वाहिनीला विचारावं. मंगाची पुस्तकं विकत घेणारे तुम्ही. तुमचं गिऱ्हाईक म्हणून वजन तिथे आहे, रात्री दोन वाजता चित्रं पुरी करणाऱ्या पोरापाशी नाही.

चौथी विनंती खाजगी आहे. मी शेजारी बसलेलो असताना पुढे कोण मरणार, हे सांगू नये.

कळावे. लोभ असावा, पण बेताचा.

आपला नम्र,
मंगा न वाचलेला एक प्रेक्षक

ता. क. : १९९९ पासून चालू असलेली ‘वन पीस’ मालिका फार रेंगाळते, ही तुमची जुनी तक्रार. तोएईनं २०२६ पासून वर्षाला जास्तीत जास्त २६ एपिसोड करायचं ठरवलंय, म्हणजे दर एपिसोडात गोष्ट भरभर सरकेल. शिवाय विट स्टुडिओ तीच गोष्ट पहिल्यापासून नव्यानं करणार असल्याचं डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेलं आहे. म्हणजे संथपणाच्या आणि घाईच्या, दोन्ही तक्रारींची सोय एकाच वेळी झाली. पुरवून पुरवून वापरा.