डोक्यावर दिवा, पायाशी वाळू

घरातल्या एका खोलीत स्टुडिओ थाटायला निघालेला माणूस कॅमेऱ्यावर महिनाभर खल करतो, लेन्सवर त्याहून जास्त, आणि सगळी खरेदी उरकल्यावर भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागावी तसं दुकानदाराला म्हणतो, "एक स्टँडही टाका हो त्यात." साध्या उभ्या स्टँडला हे एक वेळ खपून जातं. बूम स्टँडला, म्हणजे खांबावर आडवा दांडा बसवलेल्या स्टँडला, नाही. कारण बूम स्टँडवरचा लाइट भिंतीपाशी उभा नसतो, तो कुणाच्या तरी टाळूवर लटकत असतो. आणि ते कुणीतरी बहुधा पैसे देऊन आलेलं असतं.

ऐन डोक्यावरून उजेड हवा आणि खांब तर फोटोत दिसायला नको, या हट्टातून हे प्रकरण जन्माला आलं. हॉलिवूडमध्ये १९३० साली एमजीएम स्टुडिओत दाखल झालेल्या जॉर्ज हरेल या छायाचित्रकाराला त्याचं श्रेय देतात. बोलपट नुकते आले होते, नटांच्या डोक्यावर लांब दांड्याला मायक्रोफोन टांगलेले असत; त्याच दांड्याला दिवा लावायची कल्पना त्याची, असं सांगतात. मार्लिन डिट्रिचच्या गालांची हाडं आणि नाकाखालची ती इवलीशी फुलपाखरी सावली आठवते ना? तीही समोरून, पण उंचावरून येणाऱ्या उजेडाचीच करामत. आज तोच दांडा थाळीवर, दागिन्यांवर आणि पैठणीच्या पदरावर झुकलेला असतो.

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात गेलात की दुकानदार खोक्यावरचा आकडा दाखवतो : 'कमाल भार ५ किलो'. आकडा खोटा नसतो, फक्त अर्धवट असतो. दांडा किती बाहेर काढल्यावर ५ किलो, हे खोकं सांगत नाही. शाळेत तरफेचा धडा सगळ्यांनीच घोकलेला असतो, दुकानात तो कुणाला आठवत नाही. समजा लाइट २ किलोचा, त्यावरचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी कापडी पेटी, १ किलोचा, आणि दांडा खांबापासून १.५ मीटर पुढे गेलाय. मागची बाजू फक्त अर्धा मीटर. म्हणजे तोल साधायला मागे ९ किलो टांगायला हवेत. बिचाऱ्या खांबावर एकूण १२ किलो, वर दांड्याचं स्वतःचं वजन वेगळंच. आपण आलो होतो तीन किलोंची सोय करायला!

म्हणून माझं मत असं, की दांड्याची लांबी शेवटी बघावी. आधी खाली वाकून पाय बघावेत. पाय किती फाकतात, नळ्या किती जाड आहेत, चाकं असतील तर त्यांना ब्रेक आहेत का. मग खांब आणि दांडा जिथे भेटतात तो सांधा. तिथे प्लॅस्टिक दिसलं तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जावं. सांध्यात दाते असतील तर दांडा घसरत नाही, पण मनाजोगा कोनही मिळत नाही, एक दाता पुढे किंवा एक मागे. गुळगुळीत सांधा हवा तिथे थांबतो, पण त्याची मूठ चांगली लांब हवी, नाहीतर आवळता आवळता मनगट जातं. शेवटी दांडा पूर्ण बाहेर काढून टोकाला हलकासा धक्का द्यावा आणि बघत राहावं. दुकानदार "सेटल होईल सर" म्हणेपर्यंत तो डोलत असेल, तर घरी पंख्याखाली तो काय करील याची कल्पना करावी. सॉफ्टबॉक्स म्हणजे शिडाचं कापडच, त्याला वारा फार लवकर कळतो. पंखा बंद केला की मॉडेलच्या कपाळावर घाम. दणकट स्टँड असेल तर निदान पंखा एकवर ठेवता येतो.

मागे काय टांगायचं यावर आपल्या लोकांची प्रतिभा बहरते. पाण्याचे कॅन चांगले, एक लिटर म्हणजे एक किलो, हिशेब सोपा. एका ओळखीच्या गृहस्थांनी ज्वारीच्या पिठाची पिशवी टांगली होती. घरात भाकऱ्या होत गेल्या तसतसा लाइट रोज थोडा खाली येऊ लागला. आणि काम संपल्यावर घाईघाईने आधी लाइट काढणारे महाभाग तर प्रत्येक स्टुडिओत असतात. मागचं वजन तसंच राहतं, ते धाडकन खाली येतं आणि दांड्याचं पुढचं टोक थेट छताला भिडतं. आधी दांडा खाली आणावा, वजन उतरवावं, लाइट मग.

खरी सोय वाळूच्या पिशव्यांची. पण त्या रिकाम्या मिळतात, वाळू ज्याची त्याने आणायची. माझा एक स्टुडिओवाला मित्र दोन पिशव्या घेऊन शेजारच्या बांधकामावर गेला. वॉचमनने विचारलं, "फोटोला वाळू कशाला?" मित्राने हात पसरून दांडा, दिवा, मागचं वजन असं सगळं साग्रसंगीत समजावलं. वॉचमनने शांतपणे वर बोट केलं. तिथे टॉवर क्रेन उभी होती, पुढे लांब हात आणि आखूड शेपटीला काँक्रीटचे ठोकळे. "हेच ना?" म्हणाला, आणि कोरडी वाळू बघून दोन्ही पिशव्या भरून दिल्या. पैसे घेईना. फक्त म्हणाला, "एक पासपोर्ट साइज काढून द्या साहेब. आधारवरच्या फोटोत मी मलाच ओळखू येत नाही."