जुनं शिलाई मशीन कसं उपभोगावं

दुरुस्त करून घेतलेल्या जुन्या शिलाई मशीनच्या बाबतीत आपल्याकडे अक्षम्य घाई चालते. लोक जुन्या बाजारातून मशीन उचलतात, गंज घासतात, चामड्याचा नवा पट्टा चढवतात आणि त्याच संध्याकाळी पडदे शिवायला बसतात. शिवणं हा या मशीनचा सर्वांत गौण उपयोग आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावं.

आधी वंशावळ पाहावी. सिंगर असेल तर पाट्यावर उजव्या हाताला नंबर असतो. त्याच्या अलीकडच्या अक्षरांवरून कारखाना आणि काळ कळतो. मॉडेल १५के असेल तर त्यातला ‘के’ किलबोवीचा, म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याचा. तो कारखाना १९८० साली बंद पडला, मशीन चालू आहे. हे वाक्य पाहुण्यांसमोर सहज बोलता बोलता यावं. उषा निघाली तर तोंड पाडू नये. साधी काळी उषा सिंगरच्या पंधरा नंबरच्याच घराण्यातली. म्हणून तर दोन्हींची बॉबिन आजही कोपऱ्यावरच्या सुई-दोऱ्याच्या दुकानात मिळते. पाच वर्षांपूर्वीच्या मोबाइलचा चार्जर तिथेच शेजारी मागून पाहावा.

‘हे धूड आणखी कशाला?’ असा प्रश्न घरातून येणारच. त्यावर गांधीजी काढावेत. यंत्रांवर एवढा राग असलेल्या त्या माणसाने १९२४ साली सिंगरच्या मशीनला अपवाद मानलं होतं. याउपर कोणी बोलत नाही. बोललंच, तर मशीनला तेल घालायला बसावं.

तेल हा या उपभोगाचा गाभा. जुनं तेल सांध्यांत वाळून पिवळं, चिकट होतं आणि चाक जड जातं. तिथे रॉकेलचा थेंब सोडून चाक हलकेच मागेपुढे करावं, काळं पाणी सुटेल ते टिपावं, पुन्हा सोडावं. मग मशीनचं पातळ तेल, एकेका भोकात एकेकच थेंब. घरातलं वडीलधारं कोणी तरी खोबरेल सुचवेल. त्यांना आदराने ‘हो’ म्हणावं आणि घालू नये. पुण्याच्या डिसेंबरात जे बाटलीतच गोठतं, ते सांध्यांत शिरून काय दिवे लावणार? तेल घातल्यावर दोरा न ओवता, फूट वर उचलून, नुसतं पायडल मारत बसावं. फूट खाली ठेवलं तर दाते त्यावर घासतात. चाक सुटताना आपल्याकडेच फिरलं पाहिजे, म्हणून सुरुवातीला हाताने किंचित ढकलावं. चाक आणि पाय यांचं एकदा जमलं की जो खटखटाट निघतो, तो ऐकत अर्धा तास सहज जातो. या वेळात कोणी काम सांगितलं तर ऐकू येत नाही, आणि ते खरंही असतं.

शिवायचंच असेल तर आधी सुती चिंधी घ्यावी. सुईच्या दांडीवरून ओघळलेलं तेल तिने प्यावं. मशीन टाके सोडत असेल तर कारागिराकडे धावण्यापूर्वी सुई पाहावी. तिची सपाट बाजू चुकीच्या अंगाला बसली की उत्तम मशीनसुद्धा टाका धरत नाही. कापडाच्या खालच्या बाजूला वेटोळी दिसली की लोक बॉबिन केसचा तो इवलासा स्क्रू पिळू लागतात. गुन्हेगार बहुधा वर असतो: वरचं टेन्शन सैल, नाहीतर दोरा चकत्यांमध्ये बसलेलाच नाही. दोन्ही दोऱ्यांची अढी कापडाच्या पोटात गडप झाली, वरून आणि खालून टाका सारखाच दिसू लागला, की चिंधी उलटसुलट करून घरातल्या प्रत्येकाला दाखवावी. कौतुक मागून घ्यावं लागतं, लाजू नये.

खरा धोका इथून पुढे. मशीन चालू झाल्याची बातमी बिल्डिंगमध्ये पसरते आणि पिशव्या येऊ लागतात. कोणाची पॅंट उंचीला जास्त, कोणाची चेन गेलेली. साडी घेऊन कोणी ‘जरा पिको करून द्या’ म्हणालं, तर मात्र आपण सुटलो. पिकोला सुई डावी-उजवी हलावी लागते, आणि हे मशीन जन्मापासून फक्त सरळ शिवतं. नकार देताना चेहऱ्यावर खेद दिसला पाहिजे. हवं तर मशीनपाशी नेऊन सुईची चाल दाखवावी, चाक फिरवून.

आत्या असतील तर त्या सगळं नीट पाहतील, मान डोलावतील आणि म्हणतील, ‘‘बरं, पिको राहू दे. उशांचे अभ्रे तर सरळच असतात ना रे?’’

यावर उपाय नाही. माप घ्यावं.