हाफ आणि फुल : वापरण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

जळकोटला नव्यानं बदली होऊन आलेल्या माणसानं इंग्रजीचे दोनच शब्द नीट शिकावेत. तेवढ्यावर तालुका निभावतो. हाफ आणि फुल. लिहिताना 'फु' ऱ्हस्वच काढावा. दीर्घ झाला की एक तर देवाला वाहावा लागतो, नाहीतर एक एप्रिललाच कामी येतो.

पहिला सराव एसटीत करावा. उदगीरच्या गाडीत कंडक्टरला नातीगोती सांगत बसू नये, 'एक फुल, दोन हाफ' म्हणून मोकळं व्हावं. पाच ते बारा वर्षांचं लेकरू हाफ. १७ मार्च २०२३ पासून बायका, वय काहीही असो, हाफ. पासष्टी ओलांडलेले हाफ, आणि पंचाहत्तरी गाठली की दोन्ही शब्द गळून पडतात, कारण तिकीटच शून्याचं. असा लवाजमा लग्नाला निघाला की घरात ज्याचं कुणी ऐकत नाही तो बाप्या एकटाच फुल असतो. लेकराला मात्र चढण्याआधीच पढवून ठेवावं. आई 'पाचवं लागायचंय' म्हणते आणि लेकरू ठसक्यात 'मी दुसरीत हाय' म्हणतं, तेव्हा कंडक्टर काही बोलत नाही. नुसती मशीनची बटणं दाबतो.

चहाच्या हॉटेलात नियम फिरतो. इथं हाफ ही कंजुषी नव्हे, ओळख आहे. रोजच्या गिऱ्हाइकानं हाफच सांगावा. फुल मागवला की मालक समजतो, साहेब बाहेरगावचे. सोयरिकीचे पाव्हणे बसलेले असतील तर मात्र हाफ तोंडातून निघू देऊ नये, जमत आलेलं मोडतं. (अलीकडे कागदी कप एवढासा झालाय की फुल कुठला अन् हाफ कुठला, हे पैसे देतानाच कळतं.)

टपरीवर 'हाफ मर्डर' कानावर आला तर उरलेला अर्धा कुठं, असं विचारू नये. तो खुनाचा प्रयत्न. जुनं कलम ३०७, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १०९. लोकांच्या तोंडी अजून 'तीनशे सात'च. जीव गेला की 'फुल' जोडावा लागत नाही, नुसता मर्डर पुरतो.

राहता राहिलं एक वाक्य : 'गाडी फुल हाय, मागून दुसरी येलालीय.' यातला फुल खरा मानावा, दुसरी गाडी मानू नये. दांडी धरून चढावं. उभ्यानं गेलं म्हणून तिकीट हाफ होत नाही, विचारून झालंय.