भाऊंचा नंबर

तुमच्या घरातही तो आहेच. जरा सिंकखाली वाका, गीझरच्या पोटाकडे बघा, मीटरच्या पेटीचं दार उघडा. पिवळ्यावर लाल अक्षरं: प्लंबिंग, इलेक्ट्रिक, टाकी सफाई, गळती शंभर टक्के बंद. खाली मोबाइल नंबर. त्याचं नाव मी इथे देणार नाही. आजवर त्याने माझ्याकडून पुष्कळ जाहिरात फुकट करून घेतली आहे, आणखी एक कशाला? कोथरूडातली आमची सगळी सोसायटी त्याला भाऊ म्हणते, तेवढं पुरे.

भाऊ नळाचा वायसर बदलायला येतो. काम दहा मिनिटांचं. ते उरकलं की पिशवीतून स्टिकरांची गुंडाळी निघते आणि त्याच्या दृष्टीने खरं काम सुरू होतं. बेसिनच्या भांड्याखाली एक, फ्लशच्या टाकीवर एक, मेन कॉकशेजारी एक. आधी फडक्याने जागा कोरडी करणार, मग स्टिकर ठेवून अंगठ्याने मधून कडेकडे दाबत नेणार. हवेचा एक फुगा राहता कामा नये. वायसर बसवताना एवढी निगुती दिसत नाही. मी कुरकुर केली की उत्तर ठरलेलं: "असू द्या काका, तो काय भाडं मागतोय?"

पुण्यातल्या माणसाला असलं काही सांगू नये. भाडं न देता ठाण मांडून बसलेला भाडेकरू निघता निघत नाही, हे इथे पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात सिद्ध होत आलंय.

एकदा घरातलं स्टूल उलटं केलं, तर त्याच्या बुडाशी स्टिकर. आता मात्र मी भाऊला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, "स्टूल उलटं कधी करता काका? पंखा पुसून झाला, की उचलून ठेवताना. पंख्याचंही काम आपण करतो." त्याचं सगळं शास्त्र हे एवढंच. नळ गळायला लागला की माणूस कुठे बघतो? नळाकडे. मग जाहिरात तिथेच हवी. चौकातला मोठा फलक बघताना कुणाचा नळ गळत नसतो. पेपरात पत्रकं टाकून त्याने एकदा बघितली होती. "लोक त्याच्यावर कोथिंबीर निवडतात," हा त्याचा निष्कर्ष. त्यानंतर अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका प्रेसमधून स्टिकरांच्या गुंडाळ्या येऊ लागल्या.

पुढे त्याची नजर सणांवर गेली. गणपतीत सोसायटीला आरतीची पुस्तिका त्याने स्वखर्चाने छापून दिली. समितीने भक्तिभावाचं कौतुक केलं आणि प्रूफ कुणीच वाचलं नाही. गणपतीची आरती संपून शंकराची सुरू होते, त्या दोन पानांच्या मध्ये भाऊची चौकट. पहिल्या दिवशी दुसरीतला एक मुलगा पुस्तिका हातात धरून खणखणीत आवाजात पुढे, आम्ही मागे. चालीचालीत त्याने "गळती शंभर टक्के बंद"पर्यंत मजल मारली आणि टाळ्या-झांजांनी ठेका धरला. कुणालाच थांबावंसं वाटलं नाही. प्रसाद घेताना भाऊ मागे नम्रपणे उभा.

संक्रांतीला त्याने बायकांना गाठलं. हळदीकुंकवाला वाण म्हणून घराघरांत स्टीलची सिंकची जाळी पोचली. सोबत काडेपेटीएवढं स्टिकर, "काकू, नळाच्या मागच्या फरशीवर लावा" या सूचनेसह. रथसप्तमीपर्यंत अख्खी सोसायटी भाऊमय झाली. मी म्हटलं, "अरे, जाळीने सिंक तुंबायचं थांबेल. तू स्वतःच्याच पोटावर पाय देतोयस." तो म्हणाला, "तुंबलेल्या सिंकचे पैसे एकदा मिळतात काका. जाळी रोज हातात येते." व्यवस्थापनाच्या महागड्या संस्थेत दोन वर्षं काढून आलेल्या माझ्या भाच्याला हे सांगितलं, तर त्याने ते वहीत लिहून घेतलं. जाताना एक जाळीही मागून नेली.

मग व्हॉट्सॲप आलं. तिथल्या ब्रॉडकास्ट यादीत 256 माणसं बसतात, आणि ज्याने पाठवणाऱ्याचा नंबर फोनमध्ये ठेवलाय त्यालाच निरोप पोचतो, हे भाऊला आमच्या आधी कळलं. त्यामुळे तो पैसे घेताना "काका, फोन बघू" म्हणतो आणि स्वतःचं नाव स्वतःच टाकून देतो: 'अअ प्लंबर'. का, तर यादीत पहिलं यावं. माझ्या फोनमध्ये आता आईच्या आधी भाऊ येतो. गुरुवारी पाणी बंद असलं की बुधवारी सकाळी त्याचा निरोप हजर: "उद्या पाणी नाही. टाक्या भरून ठेवा. शुक्रवारी कमी दाबाने येईल, नळ उघडा ठेवून बाहेर जाऊ नका." महापालिकेची बातमी आमच्या वाचनात येईपर्यंत सोसायटीतल्या बादल्या भरलेल्या असतात. मेमध्ये गच्चीच्या भेगा, जूनमध्ये पन्हळीतला पाला, दिवाळीआधी गीझर. या निरोपांत 'मला बोलवा' असं एका शब्दाने नसतं. तरी माणसं बोलावतात.

हे सगळं असह्य होऊन आमच्या सेक्रेटरींनी वार्षिक सभेत विषय घेतला. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, तयारीनिशी आला होता. मालमत्ता विद्रूपणाचा 1995 चा कायदा काढून वाचायला लागले, तोच माइक बंद पडला. भाऊला बोलावण्यावाचून इलाज नव्हता. त्याने वायर सोलली, पीळ दिला, टेप गुंडाळली. माइक सुरू झाला. उरलेला कायदा सेक्रेटरींनी ज्या स्टँडला धरून वाचला, त्यावर ताजं स्टिकर होतं. शेवटी भाऊ दारातूनच म्हणाला, "साहेब, कायदा लोकांना दिसणाऱ्या जागेचा आहे. मी सिंकखाली लावतो. तिथे तुम्ही तरी कधी वाकून बघितलंय?" ठराव पुढच्या सभेवर गेला.

आता नाइलाजाने दोन गोष्टी सांगायला हव्यात. तिसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात, मुलगा न्यू जर्सीला. त्यांच्या फ्रिजवर भाऊचं छापील स्टिकर नाही. जाड मार्करने, एकेक आकडा पेरूएवढा काढून, त्याने हाताने नंबर लिहिलाय, कारण आजींना मोतीबिंदू. तोच नंबर न्यू जर्सीतही आहे. आजींनी फोन उचलला नाही, की तिकडून भाऊला फोन जातो. मग भाऊ "आजी, नळाचा दाब बघायला आलो" म्हणत आत शिरतो, नळ सोडतो, बंद करतो आणि नळाचा फोटो मुलाला पाठवतो. त्या फोटोत कोपऱ्यात चहाचा कप घेतलेल्या आजी येतील अशी काळजी घेतलेली असते. या कामाचा व्हिजिट चार्ज तो लावत नाही.

दुसरी गोष्ट गच्चीवरची. बिल्डरने चाळीस वर्षांपूर्वी नळांचा नकाशा कुणाला दिला नाही. गच्चीवर जुने जीआय, नवे प्लास्टिकचे, असे पाइप एकमेकांत गुंतलेले. त्या प्रत्येक कॉकवर भाऊची एक पट्टी आहे: '304 स्वयंपाकघर', '202 संडास, हळू फिरवा', 'हा कशाचा माहीत नाही, हात लावू नये'. या पट्ट्यांवर मोबाइल नंबर नाही.

यंदा सोसायटी पुनर्विकासाला गेली. आर्किटेक्टने जुन्या पाइपांची माहिती मागितली, तेव्हा सेक्रेटरी कायद्याची फाइल खाली ठेवून त्याला गच्चीवर घेऊन गेले आणि एकेक पट्टी वाचून दाखवायला लागले.

नव्या इमारतीची पुस्तिका परवा घरोघरी आली. भिंतीच्या आतून जाणारे पाइप, तळमजल्यावर देखभालीची एजन्सी, तक्रारीसाठी एक दाबा, दोन दाबा. बाहेरच्या कारागिराला आत यायला परवानगी लागणार. भाऊ आमच्याकडे फ्लश दुरुस्त करायला आला होता, मी पुस्तिका त्याच्या हातात दिली. त्याने पान न्‌ पान सावकाश बघितलं, बोटांत चोळून कागदाची जाडी पाहिली, मग पुस्तिका उलटी केली.

"कागद भारी वापरलाय काका," तो म्हणाला, "पण मागचं पान कोरं का सोडलं?"