तिसरा डोळा, तीन दरपत्रकं

आमच्या शिक्षणसंस्थेत यापुढे सगळं ‘एआय’नं करायचं, असं अध्यक्षसाहेबांनी ठरवलं आहे. कॅमेरे होतेच. रात्रंदिवस चित्रण चालायचं आणि काही दिवसांनी आपोआप पुसलंही जायचं. मधल्या काळात ते कुणी बघत नव्हतं, एवढीच काय ती अडचण. तर आता माणसाऐवजी सॉफ्टवेअर बघणार. याला व्हिडिओ ॲनालिटिक्स म्हणतात. ते निवडायला समिती नेमली गेली. नेमकं काय पकडायचंय, हे मात्र समितीला कुणी सांगितलं नाही आणि समितीनंही विचारलं नाही.

नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं आली. लेटरहेड वेगवेगळी, पण ‘सर्व्हेलन्स’च्या स्पेलिंगमधली चूक तिन्हींत एकच. लायसन्सचा खर्च दर कॅमेऱ्यामागे आणि दर वर्षाला. दरपत्रकात धरलेलं वर्ष फक्त पहिलं. खजिनदारांनी सर्वांत कमी आकड्यावर खूण केली. काम इथंच संपलं होतं, पण वडे सांगून झाले होते, म्हणून डेमो ठेवला.

डेमोत परदेशातला रस्ता. लख्ख ऊन, एकच माणूस, एकच बॅग. बॅग ठेवून तो निघून गेला, पडद्यावर लाल चौकट उमटली, टाळ्या पडल्या. आमच्या गेटवर सकाळी शाळेच्या रिक्षा एकमेकींत अडकलेल्या असतात आणि प्रत्येक पोर कुठं ना कुठं दप्तर फेकून पळत असतं. तिथं ‘बेवारस वस्तू’ कशाला म्हणणार? मी म्हटलं, आपल्याच कॅमेऱ्याचं, पावसाळी रात्रीचं चित्रण देऊन आठवडाभर चालवून तर बघू. लग्नाच्या बैठकीत मुलाचं पगारपत्रक मागावं, तसे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

पण रात्र हीच तर खरी परीक्षा. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात. दिव्यांशी किडे जमतात, किड्यांसाठी कोळी येतो आणि ऐन भिंगासमोर जाळं विणतो. वाऱ्यानं जाळं हललं की पडद्यावर पांढरं, अवाढव्य काहीतरी कुंपण ओलांडतं. हलक्या सॉफ्टवेअरच्या लेखी ही घुसखोरी. उपाय म्हणजे फडकं. पण बजेटात फडक्याला लेखाशीर्ष नाही.

अध्यक्षसाहेबांना चेहरा ओळखणारं मॉड्यूल हवंच होतं. 2014च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अनोळखी माणसाची ओळख पटवायची, तर तो उभा आहे तिथं मीटरमागे 250 पिक्सेल लागतात. आमचे कॅमेरे वायर वाचवण्यासाठी तिसऱ्या मजल्यावरून सरळ खाली रोखलेले. त्यांना चेहरा नव्हे, टाळू दिसतो. आणि टाळूचा पूर्वानुभव वाईट आहे. 2020 साली स्कॉटलंडमधल्या इनव्हरनेसला फुटबॉल सामना दाखवणारा एआय कॅमेरा चेंडू सोडून लाइनमनच्या टकलाच्याच मागे लागला होता. आमच्या विश्वस्त मंडळावर एक नजर टाकून मी हा मुद्दा इतिवृत्तात घेऊ नका म्हणालो. त्याऐवजी कार्डिफचं सांगितलं. 2017च्या चँपियन्स लीग फायनलला तिथल्या पोलिसांच्या यंत्रणेनं 2,470 वेळा ‘हाच तो’ म्हटलं. त्यातल्या 2,297 वेळा तो तो नव्हता. “ते जुनं व्हर्जन, सर,” विक्रेता म्हणाला. मुलांचे चेहरे साठवायला पालकांची संमती लागेल, या शंकेचं निरसन चिटणीसांनी केलं: ॲडमिशन फॉर्ममध्ये बारीक अक्षरात टाकू. नंबरप्लेट वाचणारं मॉड्यूलही घेतलं. आवारातल्या निम्म्या गाड्यांवर 214चा ‘राम’ आणि 4141चा ‘दादा’ झालेला आहे, ते त्याचं ते बघून घेईल.

सूचना कुणाच्या मोबाइलवर जाणार, यावर तेवढी खरी चर्चा झाली. अध्यक्ष लवकर झोपतात. मुख्याध्यापकांच्या फोनची मेमरी भरलेली. शेवटी सगळ्या सूचना एका ईमेलवर जाव्यात, असं ठरलं. त्याचा पासवर्ड निवृत्त झालेल्या हेडक्लार्ककडे आहे.

यंत्रणा सुरू झाली. उलट्या दिशेनं गेटात शिरणारी गाडी लगेच पकडली गेली, ती अध्यक्षसाहेबांची. अपवाद-यादीत टाकली. ऑफिस बंद झाल्यावर आत वावरणारा इसम सापडला, खजिनदारांचा भाचा. तोही यादीत. मग दूधवाला, कुत्रा, कँटीनवाले. शेवटी एकच नियम शाबूत राहिला: ‘संशयास्पद रेंगाळणे’. ठरलेल्या चौकटीत कुणी फार वेळ थांबला की बोंब. त्यात न चुकता रोज एकच माणूस सापडतो आहे. आमच्या वॉचमनमामांना परवा कारणे दाखवा नोटीस गेली: ‘आपण मुख्य प्रवेशद्वारापाशी दररोज बारा तास विनाकारण उभे असता, असे प्रणालीच्या निदर्शनास आले आहे. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.’