दोहा, वळिवडे आणि एक सिलिंडर

"मिटलं म्हणं गं!" आक्कांनी हातातली दुधाची पिशवी हलवत कुंपणापलीकडून हाक दिली.

मला वाटलं, कोपऱ्यावरच्या दोन घरांचं गटारीवरून चाललेलं भांडण मिटलं. विचारलं, "कोण गेलं होतं मधे पडायला?"

"ट्रंप."

तेव्हा उलगडा झाला. 24 जून 2025 ची सकाळ. कोल्हापुरात पावसाची रिपरिप, आणि इराण-इस्रायलच्या युद्धबंदीची बातमी पहाटे येऊन पडलेली. एरवी असल्या बातमीला आमच्या गल्लीत कुणी विचारलं नसतं. पण पलीकडच्या वहिनींचा थोरला दोह्यात एसी दुरुस्तीच्या कामावर आहे, आणि आदल्या रात्री दहाच्या सुमारास इराणनं दोह्याबाहेरच्या अल-उदेद या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली होती. त्यामुळं युद्ध सरळ तिसऱ्या घरात शिरलं होतं.

वहिनी बाहेर आल्या त्या डोळे सुजवूनच. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पोरगं फोनवर म्हणतंय, आई, बाल्कनीतनं आभाळात नुसता उजेड दिसतोय. मी म्हटलं, मुडद्या, उजेड काय बघतोस, आत हो! तर म्हणतो, थांब, व्हिडिओ पाठवतो."

"विमानं बंद होती न्हवं?" आक्का.

"आभाळच बंद केलं होतं. पहाटे परत सुरू झाली म्हणतोय."

एवढ्यात अण्णा छत्री घेऊन फाटकाशी आले. अण्णा मराठा लाईट इन्फंट्रीतले, 71 ची लढाई बघितलेले. युद्धाचा विषय निघाला की त्यांना बोलवावं लागत नाही. "वहिनी, घाबरायचं काम नव्हतं. इराणनं आधी निरोप धाडला होता, मग मारलं. एक माणूस दगावला नाही तिथं. ही लढाई नव्हे, लोकलज्जेखातर मारलेली चापट आहे."

"निरोप धाडून मारतात व्हय?" आक्कांना हे काही पटेना. "मग मारायचंच कशाला?"

"न मारून घरी तोंड कसं दाखवणार?"

आक्कांनी मान डोलावली. भावकीतले वाद बघण्यात त्यांची हयात गेली आहे.

वहिनींना घाबरवलं ते क्षेपणास्त्रांपेक्षा टीव्हीनं, असं माझं स्पष्ट मत आहे. बारा दिवस त्या पडद्यावर लाल अक्षरात तिसरं महायुद्ध रोज 'सुरू' होत होतं आणि जाहिरातीनंतर पुन्हा सुरू होत होतं. मे महिन्यात आपली पाकिस्तानशी जुंपली तेव्हा तर या टीव्हीवाल्यांनी हवाई हल्ल्याचा भोंगा इतका वाजवला, की खरा भोंगा वाजला तर कुणी उठायचं नाही म्हणून सरकारलाच त्यांना सांगावं लागलं, तेवढा आवाज बातम्यांत वापरू नका.

"पण अण्णा, होईल का हो महायुद्ध?" वहिनींनी शेवटी विचारलंच. "जावईबापू म्हणतात, कुणी आंधळ्या बाईनं आधीच सांगून ठेवलंय."

अण्णांनी आंधळ्या बाईला हातानंच बाजूला सारलं. "भविष्य नको, इतिहास सांगतो. 1914 साली सारायेव्होत राजपुत्राला गोळी घातली ती 28 जूनला. पहिलं युद्ध पुकारलं 28 जुलैला. मधला महिनाभर युरोपातली बडी मंडळी उन्हाळ्याच्या सुट्ट्या घेत हिंडत होती. कैसर बोटीवर हवा खायला गेला होता. सगळ्यांना वाटलं, दोघांचं भांडण आहे, दोघांत मिटेल. हा याच्या बाजूनं, तो त्याच्या बाजूनं, अशी वचनं दिलेली होती. एकेक करून सगळे आत ओढले गेले. म्हणून मला आरडाओरड्याची भीती नाही वाटत. सगळे निवांत असले की वाटते."

आता हे दिलासा म्हणून सांगितलं की काय, ते अण्णाच जाणोत. वहिनींचा चेहरा आणखी उतरला.

"आणि ती सामुद्रधुनी?" मी विषय बदलायला गेले आणि नको तिथं पाय घातला. होर्मुझचं नाव आता बायकांच्या भिशीतही घेतलं जातं. जगात रोज जेवढं तेल जळतं त्याचा पाचवा हिस्सा त्या चिंचोळ्या पाण्यातून येतो. सगळ्यात अरुंद जागी रुंदी साधारण 33 किलोमीटर, म्हणजे इथनं निघालं तर निपाणी यायच्या आत पलीकडचा काठ लागावा. आपल्याकडं स्वयंपाकाचा निम्म्याहून जास्त गॅस बाहेरून येतो आणि त्यातला बहुतेक त्याच वाटेनं. रविवारी इराणच्या संसदेनं ती वाट बंद करायला होकार दिला, आणि सोमवारी वहिनींनी माझा भरलेला जादा सिलिंडर 'दोन दिवसांसाठी' नेला. त्यांच्याकडं स्वतःचे दोन आहेत. मी काही बोलले नव्हते.

"आमच्या लहानपणी चूल होती, ते बरं," आक्का म्हणाल्या. "पर रॉकेल, साखर, कापड, समदं मोजून. कंट्रोलचं लुगडं नेसून माझ्या आत्याचं लगीन झालं. आणि गोरी माणसं तवाच आली की आमच्याकडं."

"इंग्रज?"

"न्हाई गं. पोलंडची. वळिवड्याला."

आक्कांचं माहेर उचगावचं, वळिवड्याला लागूनच. हे माहीत असून त्यांना कधी विचारलं नव्हतं. आक्का कुंपणावर कोपर टेकून सांगायला लागल्या. बाप तिथल्या पोलिश छावणीत भाजी घालायचा. त्या पाच-सहा वर्षांच्या, पाटीमागं पळत जायच्या. कौलारू लांबच लांब चाळी, शाळा, चर्च, दवाखाना. सगळ्या बायका आणि पोरंच. "बापय दिसायचाच न्हाई. मी आईला इचारलं, ह्यांचे दादले कुठं हाईत? आई म्हणली, लढाईवर. मग मला वाटलं, ह्यांचं बरं हाय, आमचा बा रोज घरी येतोय आणि मारतोय."

अण्णा हसले आणि मग गंभीर झाले. "त्यांतले बरेच इटलीत होते. कासिनोची लढाई, 1944. माझे चुलतेही तेव्हा इटलीतच होते, मराठा पलटणीत. काय गंमत बघा, तिकडचा माणूस आणि इकडचा माणूस एकाच चिखलात, आणि त्याची बायको आक्कांच्या वडिलांकडनं वांगी घेतीय."

जवळजवळ पाच हजार पोलिश माणसं 1943 पासून पाचेक वर्षं वळिवड्यात राहिली. त्यांना 1940 मध्ये रशियानं घरादारातून उचलून सैबेरियाकडं नेऊन टाकलं होतं. पुढं हिटलर रशियावरच उलटला, मग त्यांची सुटका झाली. माणसं पांगली आणि कोल्हापूर संस्थानात येऊन पोचली. ती गेली, तर त्यांच्याच चाळींत फाळणीनं उठवलेले सिंधी आले. तेच आजचं गांधीनगर, जिथं आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो आणि भावावरून हुज्जत घालतो. 2019 मध्ये वळिवड्यात स्तंभ उभारला तेव्हा छावणीत वाढलेली काही मंडळी म्हातारपणी पुन्हा येऊन गेली.

"पण आक्का, ती इकडं आली कुठल्या वाटेनं, माहीत आहे?" मी विचारलं. "इराणमधून. 1942 साली हजारोंनी तिथं उतरली, उपाशी, अंगात टायफसचा ताप. अनाथ पोरं तर इस्फहानला ठेवली होती, इतकी की त्या गावाला पोलिश पोरांचं गाव म्हणायचे."

"कुठलं गाव म्हणालीस?"

"इस्फहान."

"परवा टीव्हीत दाखवत व्हते, ते?"

तेच. रविवारी अमेरिकेनं फोर्डो आणि नतान्झबरोबर इस्फहानच्या अणुकेंद्रावरही हल्ला केला होता.

आक्का जरा थांबल्या. "म्हंजे त्यास्नी त्या गावानं जगवलं, मग आपण. आणि आता त्या गावच्या पोरांनी कुणाच्या दारात जायचं?"

अण्णांनाही यावर इतिहासातलं काही आठवलं नाही. छत्रीचा दांडा फिरवत ते म्हणाले, "मिटलंय आता, आक्का." तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. थोरल्याचाच. त्यानं जेवण झालं का विचारलं, कामावर निघालोय म्हणाला, गणपतीला येण्याचं तिकीट काढू का म्हणाला. वहिनींच्या जिवात जीव आला. पदरानं डोळे पुसून त्या आम्हाला सांगायला लागल्या, "काढ म्हटलं. युद्ध संपलं म्हटल्यावर कशाला थांबायचं?"

मी संधी साधली. "वहिनी, मग तो सिलिंडर...?"

"अहो, आत्ताच टीव्हीवर सांगत होते, युद्धबंदी होऊनही दोघं एकमेकांवर टाकतायत अजून," वहिनी फाटक ओढून घेत म्हणाल्या. "आजची रात्र जाऊ दे की. टिकतंय का बघू."